'आलो, आलो!' हे जपानीत कसं म्हणायचं?

एका तरुण वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या या तरुणाला शेजारच्या खोलीतून जपानी वरिष्ठांनी हाक मारली. तो लगबगीने म्हणाला, "हाइ, इमा किमास!" वरिष्ठ दाराकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, "दारे गा?" म्हणजे "कोण?" इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हणतात, मराठीत 'येतो' नाहीतर 'आलो' म्हणतात, आणि 'येणे' म्हणजे 'कुरु', त्याचं नम्र रूप 'किमास', हे तर पहिल्याच महिन्यात शिकवतात. मग चुकलं कुठे? हे 'कमिंग' जपानीत नीट म्हणायचं कसं?

त्याने म्हणायला हवं होतं, "हाइ, इमा इकिमास." शब्दशः 'हो, आता जातो'. ('जाणे' म्हणजे 'इकु', त्याचं नम्र रूप 'इकिमास'.) हाक मारणारी व्यक्ती बरीच ज्येष्ठ असेल किंवा ग्राहक असेल तर "हाइ, तादाइमा माइरिमास." (मी 'मास' असं लिहिते आहे, शेवटी एक उकार आहे, पण बोलताना तो जवळजवळ ऐकू येत नाही.)

हे पाठ करून काम भागेल, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाक्यात पुन्हा तीच चूक होईल. मी पुण्यात 20 वर्षांहून अधिक काळ जपानी शिकवते आणि दुभाषाचं कामही करते. व्याकरणात पक्के असलेले, कांजी म्हणजे जपानीतली चिनी चिन्हं भराभर वाचणारे विद्यार्थीसुद्धा या एका क्रियापदावर अडखळलेले मी पाहिले आहेत. मी स्वतःही अडखळले आहे, ते पुढे सांगते. म्हणून जरा खोलात जाऊ.

आधी वरिष्ठांनी 'कोण?' असं का विचारलं ते बघा. मराठीत आपण 'मी' गाळू शकतो, कारण 'येतो', 'येते', 'येतात' या शेपटीवरूनच कोण येणार ते कळतं. जपानी क्रियापदाला अशी शेपटीच नाही. मी, तू, ते, त्या, सगळ्यांसाठी एकच 'किमास'. तरीही जपानी माणूस बोलताना 'मी' आणि 'तू' बहुतेक वेळा गाळतो. मग कोणाबद्दल बोलणं चाललं आहे हे कळतं कसं? त्यातला मोठा वाटा क्रियापदाची दिशा उचलते. 'कुरु' म्हणजे माझ्याकडे येणं, बोलणारा उभा आहे तिथे येणं. मी स्वतःच जिथे उभा आहे तिथे मी पुन्हा येऊ शकत नाही, म्हणून 'इमा किमास' ऐकलं की ऐकणारा आपोआप तिसरा माणूस शोधायला लागतो. आपल्या तरुणाचं वाक्य त्या खोलीत 'आता ते येताहेत' असं ऐकू गेलं. वरिष्ठांचा प्रश्न अगदी रास्त होता.

इंग्रजीचा 'कम' दोन खुंट्यांना बांधलेला आहे. बोलणाऱ्याकडे येणं हेही 'कम', आणि ऐकणाऱ्याकडे जाणं हेही 'कम'. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी 1971 साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे व्याख्यानं दिली होती, त्यातलं एक व्याख्यान केवळ येण्या-जाण्यावर आहे. आपली मराठी या बाबतीत इंग्रजीच्याच बाजूला उभी आहे. फोनवर 'मी उद्या तुझ्याकडे येतो' हेच बरोबर. 'मी उद्या तुझ्याकडे जातो' असं कोणी म्हणालं तर ऐकणारा 'तू कुणाशी बोलतोयस?' असं विचारेल. म्हणजे आपल्याला फसवायला इंग्रजी आणि मराठी दोघी एकत्र येतात, आणि म्हणून ही चूक आपल्याकडून इतक्या सहज होते.

शिवाय आपल्याला 'जातो' हा शब्दच जड जातो. घरातून निघताना 'जातो' म्हणालं की आजी लगेच टोकते, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." हे इतकं अंगात मुरलेलं असतं की जपानी माणसासमोर 'इकिमास' म्हणताना आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो आहोत असं वाटतं. अनेक विद्यार्थ्यांनी हे मला बोलून दाखवलं आहे. त्यांना मी एवढंच सांगते की 'इकु' या शब्दात तुसडेपणा अजिबात नाही. जपानी कानाला 'इमा इकिमास' हे 'हा निघालोच तुमच्याकडे' असंच ऐकू येतं, तेवढ्याच आपुलकीने.

आता माझी चूक. दुभाषाच्या कामाची सुरुवात होती. पुण्यातल्या एका हॉटेलात उतरलेल्या जपानी पाहुण्यांना मी रात्री फोनवर म्हणाले, "आशिता होतेरु मादे मुकाए नि किमास." मनात मराठी होती, 'उद्या हॉटेलवर घ्यायला येते'. सकाळी मी आत स्वागतकक्षात थांबले आणि पाहुणे बाहेर पोर्चमध्ये. त्यांच्या समजुतीप्रमाणे कोणीतरी चालक गाडी घेऊन येणार होता आणि मी थेट कारखान्यावर भेटणार होते. वीस मिनिटं दोघेही वाट बघत होतो. बैठक उशिरा सुरू झाली आणि मला फार वाईट वाटलं. वाक्य 'मुकाए नि इकिमास' असं हवं होतं. त्या दिवसापासून मी फोनवर बोलताना एकच गोष्ट मनात ठेवते, माझे पाय आत्ता कुठे आहेत? जायचं ठिकाण पायांपासून दूर असेल तर 'इकु', मग तिथे कोणीही असो.

पाय कुठे आहेत हा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो, पण त्याला दोन-तीन मुरडी आहेत, आणि त्या समजल्या की जपानी बोलणं एकदम मोकळं होतं.

पहिली मुरड घराची. मी ऑफिसात बसून सहकाऱ्याला घरी बोलावते तेव्हा माझे पाय घरात नाहीत, तरी वाक्य 'उचि नि किमासेन का' असंच होतं. आपलं घर, आपलं ऑफिस, आपलं गाव ही 'माझी जागा' म्हणून धरली जाते, मी तिथे नसले तरी. दुसरी मुरड वेळेची. उद्याच्या समारंभात मी असणार आहे, मग मी तुम्हाला 'आशिता किमास का' असं विचारू शकते, कारण उद्याचे माझे पाय तिथे असतील. मात्र तुम्ही उत्तर देताना 'हाइ, इकिमास' असंच म्हणायचं. प्रश्नात 'येणार का?' आणि उत्तरात 'हो, जातो'. हा झोका आपल्याला फार खटकतो. मराठीत 'येतोस का?' ला 'येतो' हेच उत्तर असतं, प्रश्नातलं क्रियापद उचलायचं आणि परत करायचं. जपानीतही इतर क्रियापदांचं तसंच चालतं. 'ताबेमास का', 'हाइ, ताबेमास'. खातोस का, हो खातो. म्हणून विद्यार्थी 'किमास का' ला सवयीने 'हाइ, किमास' म्हणून मोकळे होतात. वर्गात मी यासाठी वेगळा सराव घेते. दोघांना समोरासमोर बसवते आणि एकाने फक्त 'किमास का' विचारायचं, दुसऱ्याने फक्त 'इकिमास' म्हणायचं, असं दहा-पंधरा वेळा, ठिकाणं बदलत. तोंडाला वळण लागेपर्यंत हे डोक्याने करता येत नाही.

बरोबर जायचं असेल तेव्हा दोन्ही चालतं, पण रंग वेगळा लागतो. 'एइगा नि इकु केदो, इश्शो नि इकु?' म्हणजे 'सिनेमाला चाललोय, मिळून जाऊ या?' आणि 'इश्शो नि कुरु?' म्हणजे 'माझं ठरलंय, तू माझ्याबरोबर येतोस?' पहिल्यात दोघं सारखे, दुसऱ्यात बेत माझा आणि तू पाहुणा. मित्रांत दोन्ही ठीक. नवीन माणसाशी पहिलं वापरा.

एक सुखद गोष्टही सांगते. काही ठिकाणी मराठी आणि जपानी 'येणे' एकमेकांवर तंतोतंत बसतात, आणि तिथे इंग्रजी बिचकते. थांब्यावर उभे असताना वळणावर बस दिसली, अजून पोचलेली नाही, तरी आपण म्हणतो, 'आली, आली!' जपानी माणूसही म्हणतो, 'किता, किता!' भूतकाळच, आणि दोनदा. म्हणून आपल्या विद्यार्थ्याला वाटतं की 'आलो, आलो!' हेही 'किता, किता!' होईल. नाही होत, कारण बस माझ्याकडे येते आहे, मी मात्र दुसऱ्याकडे जातो आहे. मित्राच्या दारात पोचल्यावर, चपला काढता काढता, 'किता यो' म्हणा. 'आलो रे.' आता पाय पोचले.

इथपर्यंत मराठी आपल्याला फसवते आहे असं वाटेल. पण या क्रियापदाचा दुसरा, कितीतरी मोठा प्रांत असा आहे जिथे मराठी हीच आपली सगळ्यात चांगली शिक्षिका आहे, आणि तिथे विद्यार्थी इंग्रजीतून विचार करतात म्हणून चुकतात. तो प्रांत म्हणजे 'करून येणे' आणि 'करून जाणे'.

जपानी घरातून सकाळी निघणारा माणूस 'इत्ते किमास' म्हणतो. 'इत्ते' म्हणजे 'जाऊन', 'किमास' म्हणजे 'येतो'. जाऊन येतो! घरातले म्हणतात, 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांना याचं भाषांतर करायला धड शब्द सापडत नाही. आपल्या आजीला हे एका क्षणात कळलं असतं. परत आल्यावर 'तादाइमा', आणि घरातून 'ओकाएरि'. ऑफिसातून दुपारी ग्राहकाकडे जाताना सहकाऱ्यांनाही 'इत्ते किमास' म्हणतात, कारण परत यायचं आहे. पण संध्याकाळी ऑफिस संपवून घरी निघताना तो म्हणू नका. तेव्हा 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे तुमच्या आधी निघतो, माफ करा. मराठीत दोन्ही वेळा 'येतो' चालतं, म्हणून ही गल्लत होते.

'पाव घेऊन येतो' हे 'पान ओ कात्ते कुरु'. (जाता जाता, आपला 'पाव' आणि जपान्यांचा 'पान' दोन्ही पोर्तुगीज लोकांनी दिलेला एकच शब्द आहे.) 'विचारून येतो' म्हणजे 'किइते किमास', 'बघून येतो' म्हणजे 'मिते किमास', 'खात्री करून येतो' म्हणजे 'काकुनिन शिते किमास'. ऑफिसात ही शेवटची तीन वाक्यं रोज लागतात. इंग्रजीतून विचार करणारा 'काकुनिन शिमास' म्हणून उठून जातो. चूक नाही, पण मागे राहिलेल्याला तुम्ही परत येणार की नाही हे कळत नाही. शेवटी 'किमास' लावलं की तो निश्चिंत बसतो. तसंच प्रवासाचं. 'गेल्या आठवड्यात क्योतोला गेलो' याला 'क्योतो नि इकिमाशिता' म्हणता येतं, पण गप्पांत कानाला गोड लागतं ते 'क्योतो नि इत्ते किमाशिता', क्योतोला जाऊन आलो. परतून इथे उभा आहे आणि आता त्याविषयी सांगतो आहे, हे सगळं त्या एका 'किमाशिता'त येतं.

'जाणे' लावूनही तेवढंच सुंदर जमतं. घरी आलेल्या माणसाला आपण म्हणतो, 'चहा घेऊन जा', 'जेवून जा'. जपानीत 'ओचा देमो नोन्दे इत्ते कुदासाइ', 'ताबेते इत्ते कुदासाइ'. पिऊन जा, खाऊन जा. आणि पाहुणा म्हणतो, 'नाही हो, जेवूनच आलोय', तर जपानीत 'ताबेते किमाशिता'. इंग्रजीत या वाक्यातलं येणं-जाणं पार गळून जातं आणि नुसतं 'मी आधीच खाल्लंय' उरतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की कोणी तुम्हाला इंग्रजी वाक्य भाषांतराला दिलं तरी आधी ते घरी आईशी बोलाल तसं मराठीत म्हणून बघा. त्यात 'ऊन येणे' किंवा 'ऊन जाणे' आपोआप उगवलं तर जपानीतही बहुधा तेच हवं असतं.

रीत सांगणाऱ्या शब्दांचंही असंच आहे. इंग्रजीत 'रॅन इन' असं दोन शब्दांत भागतं, धावण्याचं क्रियापद आणि आत जाण्याचा एक तुकडा. जपानीत तो तुकडाच नाही. आत शिरणं हे स्वतंत्र क्रियापद, धावणं वेगळं आणि माझ्याकडे येणं तिसरं. मुलगी धावत खोलीत आली, 'हाशित्ते हेया नि हाइत्ते किता'. शब्दशः धावत, खोलीत शिरून, आली. 'चालत जातो' म्हणजे 'आरुइते इकु', 'उतरून आला' म्हणजे 'ओरिते किता'. मराठी माणसाला ही माळ ओवायला शिकवावी लागत नाही, फक्त परवानगी द्यावी लागते. शेवटचा 'कुरु' मात्र विसरू नका. मांजर खोलीत शिरलं तेव्हा तुम्ही आत बसला असाल तर 'हाइत्ते किता'. नुसतं 'हाइत्ता' म्हणालात तर तुम्ही बाहेरून, किंवा कुठूनच नाही, असं बघत आहात असं वाटतं.

आता 'घेऊन ये'. इथे पुन्हा मराठी थोडी दगा देते, आणि तो दगा महाग पडू शकतो. आपण छत्री घेऊन ये म्हणतो, बाळाला घेऊन ये म्हणतो आणि भाजी घेऊन ये म्हणतो. जपानीत तीन वेगळी क्रियापदं. छत्री हातात धरून आणायची, 'मोत्ते किते'. बाळाला सोबत आणायचं, 'त्सुरेते किते'. भाजी विकत आणायची, 'कात्ते किते'. माणसाला किंवा पाळीव कुत्र्याला 'मोत्ते' लावलं तर सामानासारखं उचलून आणल्यासारखं होतं. आणि 'त्सुरेते' हेही धाकट्यांसाठी आणि बरोबरीच्यांसाठी. मोठ्या साहेबांना सभागृहात आणून पोचवलंत तर 'त्सुरेते किमाशिता' म्हणू नका. ते बोटाला धरून आणल्यासारखं वाटतं. 'गोआन्नाइ शिमाशिता' म्हणा, वाट दाखवत आणलं. कपड्यांसाठी आणखी एक. 'शर्ट घालून या' हे 'शात्सु ओ किते किते कुदासाइ'. दोनदा 'किते' ऐकून विद्यार्थ्यांना वाटतं चूक झाली. पहिलं 'किते' अंगात घालण्याचं, ते तोक्योच्या उच्चारात सपाट. दुसरं येण्याचं, त्याचं पहिलं अक्षर चढतं आणि मग स्वर उतरतो. कानाने दोन्ही वेगळे ओळखू येतात.

माणसं हलत नाहीत तिथेही 'कुरु' लागतो, आणि तो न लावण्याची चूक माझ्या मते सगळ्यात कमी लक्षात येणारी आहे, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं. 'मित्राने मला फोटो पाठवला' याचं 'तोमोदाचि गा शाशिन ओ ओकुत्ता' केलं तर जपानी माणसाला वाटतं, पाठवला असेल दुसऱ्या कोणाला तरी. माझ्याकडे पाठवला म्हणून 'ओकुत्ते किता'. फोनही तसाच. 'तानाका-सान गा देन्वा शिते किमाशिता.' आठवून बघा, मराठीतही आपण 'तानाकांनी मला फोन केला' यापेक्षा 'तानाकांचा फोन आला' असंच जास्त म्हणतो. आपल्या फोनला पाय आहेत, जपान्यांच्याही. मात्र इथे एक बारकावा सांभाळा. नुसतं 'शिते किता' थोडं कोरडं आहे, आणि प्रसंगी 'न मागता केलं' असा सूरही लागू शकतो. कोणी आपल्यासाठी आपुलकीने काही केलं असेल तर 'ओकुत्ते कुरेता', आणि ग्राहकाने किंवा वरिष्ठांनी केलं असेल तर 'ओकुत्ते कुदासाइमाशिता'. आभार मानायच्या पत्रात 'ओकुत्ते किमाशिता' कधीही लिहू नका.

काळाच्या अर्थाने वापरायचं तर मराठीत हात धुऊन घ्या, इतकं ते सारखं आहे. 'मी 20 वर्षं शिकवत आले आहे' म्हणजे 'निजूनेन ओशिएते किमाशिता'. कालपासून आजपर्यंत माझ्याकडे चालत आलेला काळ, म्हणून 'कुरु'. 'संख्या वाढत जाईल' म्हणजे 'फुएते इकु', आजपासून पुढे दूर जाणारा काळ. 'वाढत आली' आणि 'वाढत जाईल' यांतला फरक ज्याला मराठीत कळतो त्याला एन4 च्या (जपानी भाषेच्या परीक्षेतल्या खालून दुसऱ्या पातळीच्या) वर्गातला हा सबंध धडा अर्ध्या तासात कळायला हवा. 'पाऊस आला' हेही 'आमे गा फुत्ते किता', पडून आला. पण हुरळून जाऊ नका. 'झोप आली', 'राग आला', 'मजा आली', 'मला पोहता येतं' या सगळ्यांतलं आपलं 'येणे' जपानीत तसंच्या तसं जात नाही. पोहता येतं म्हणजे 'ओयोगेमास', त्यात येण्याचा मागमूसही नाही.

'परत येतो' याचे दोन वाटे करा. घरी, गावी, देशात, म्हणजे आपल्या मुळाच्या जागी परतणं ते 'काएरु'. मधेच सोडलेल्या जागी परतणं ते 'मोदोरु'. जेवायला बाहेर गेलात आणि पुन्हा टेबलाशी यायचं, 'मोदोरिमास'. बायकोला फोनवर 'आज उशिरा येतो' सांगायचं तर 'क्यो वा ओसोकु काएरु'. तिथे 'कुरु' म्हणालात तर आपण स्वतःच्या घरी पाहुणे म्हणून चाललो आहोत असं होतं. ऑफिसात कोणी गैरहजर सहकाऱ्याची चौकशी केली तर 'सान्जि नि मोदोरिमास', तीन वाजता परत येतील.

आता आदराची भाषा, जिचं नाव काढताच विद्यार्थी घाबरतात. या एका क्रियापदापुरती मात्र ती आपली सुटका करते. 'इराश्शारु' या आदरार्थी शब्दात येणं, जाणं आणि असणं तिन्ही मावतात. दुकानात शिरताच ऐकू येणारं 'इराश्शाइमासे' त्याच घराण्यातलं. आणि स्वतःला लहान करून बोलण्याच्या 'माइरु'त येणं आणि जाणं दोन्ही. म्हणजे 'इकु' की 'कुरु' हा घोळच मिटतो. फोनवर ग्राहकाला 'आशिता जूजि नि माइरिमास' म्हणालात की उद्या दहाला येतो. चूक व्हायला जागाच नाही. जपानमधल्या स्थानकांवर फलाटावर कानी पडणारं 'मामोनाकु देन्शा गा माइरिमास' हेही तेच, गाडी येत आहे. दुसरा शब्द 'उकागाउ'. तो ज्याच्याकडे जायचं त्याला मान देतो, म्हणून तिथे मान देण्याजोगं माणूस हवं. ग्राहकाच्या ऑफिसात 'उकागाइमास' बरोबर. पण नुसतं 'पुढच्या आठवड्यात ओसाकाला जाणार आहे' असं ग्राहकाला सांगायचं असेल आणि तिथे त्याचं कोणी नसेल, तर 'ओसाका ए माइरिमास'. शहराला कोणी 'उकागाउ' करत नाही. पाहुणे आले हे कळवायला 'ओक्याकुसामा गा मिएमाशिता' म्हणतात, शब्दशः पाहुणे दिसले, आणि ते फार शालीन वाटतं.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कोणी फुकुओकाहून येऊन मला खोटं पाडेल. क्यूशू बेटावर बऱ्याच ठिकाणी लोक ऐकणाऱ्याकडे जाण्यालाही 'कुरु' म्हणतात. फोनवर 'इमा कारा कुरु केन', म्हणजे 'आता निघालोय, येतोच'. अगदी आपल्यासारखं! ओकिनावातही अशी बोली ऐकू येते. तोक्योचा माणूस ते ऐकून तुमच्या वरिष्ठांसारखाच गोंधळतो. तुमचे सहकारी क्यूशूचे असतील तर तुमचं 'इमा किमास' त्यांना कदाचित खटकलंही नसतं. तरी तुम्ही प्रमाण भाषेतलंच शिका. कारखान्यात सगळ्या प्रांतांतली माणसं असतात.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे की पुढच्या महिन्यात प्रशिक्षणासाठी तोक्योला जायचं आहे आणि तिथल्या चमूला पत्र लिहायचं आहे. मग त्या प्रवासावरच हे सगळं लावून बघा. आज पुण्यात बसून लिहाल, 'राइगेत्सु तोक्यो नि इकिमास', किंवा अधिक नम्रपणे 'माइरिमास'. तिकडून उत्तर येईल, 'इत्सु किमास का', कधी येताय? तारीख लिहून पुढे पुन्हा 'इकिमास'च लिहा, त्यांचं 'किमास' उचलू नका. तोक्योत पोचल्यावर पहिल्या दिवशी ओळख करून देताना 'किनो इन्दो कारा किमाशिता', काल भारतातून आलो. आता पाय तिथे आहेत, आता 'कुरु' तुमचा. दुपारी जेवायला निघताना शेजारच्याला 'ताबेते किमास'. मुक्काम संपत आला की 'राइशू इन्दो नि काएरिमास'. कोणी विचारेल, 'माता मोदोत्ते किमास का', पुन्हा परत येणार ना? शेवटच्या संध्याकाळी, बॅग खांद्याला लावून, सगळ्यांना वाकून नमस्कार करून झाल्यावर, त्या दारात उभे असेपर्यंत तुम्हाला आजीने शिकवलेलं 'येतो' जपानीत मनमोकळेपणाने म्हणता येईल: 'माता किमास.' रस्त्यावर उतरून त्याच ऑफिसातल्या मित्राला फोन केलात तर तेच 'माता इकिमास' होईल.